मशरूमची बाटली आणि बाबांची आठवण

सदर : आरोग्याची शिदोरी



गेल्या पावसाळ्यात या सदरासाठी एका ताईंचे पत्र आले. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. नावगाव छापू नका, अशी त्यांची विनंती होती, म्हणून ते गाळून पत्रातला थोडा भाग येथे देतो.

"डॉक्टरसाहेब, आमचे हे रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. वर्षभरापासून त्यांना काही लक्षात राहात नाही. चहा पिऊन कप खाली ठेवतात आणि लगेच म्हणतात, मला चहा दिला नाही. मागे पेन्शन घेऊन बँकेतून निघाले आणि घरचा रस्ताच चुकले. गल्लीतल्या एका पोराने आणून सोडले. थोरल्या मुलाच्या ओळखीतला एकजण घरी आला. त्याने मशरूमच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. म्हणाला, जपानमध्ये यावर संशोधन झालेय, मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात. एक बाटली अडीच हजारांची, महिन्याला दोन लागतात. तीन महिने घेतल्या. बाकीच्या गोळ्यांची आता गरज नाही असे तो म्हणाला, म्हणून त्याही बंद केल्या. आता हातात पैसा उरला नाही. धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे बाजूला ठेवलेत. ते मोडून बाटल्या आणू का, एवढेच मला सांगा."

मी ताईंना उलट टपाली लिहिले, "ताई, आधी पोरीची फी भरा. मग बाबांना घेऊन दवाखान्यात या. बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि ती बाटली, दोन्ही सोबत आणा."

बाबांचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी या मशरूमविषयी नीट बोलले पाहिजे, कारण अशी बाटली आज पुष्कळ घरांत पोचली आहे. ती विकणारा म्हणतो ते सगळेच खोटे नसते. त्यात थोडे खरे असते, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आधाराने मोठे खोटे खपते. म्हणून खरे कुठे संपते ते आपल्याला ठाऊक हवे.

हे मशरूम कोणते?

मशरूम म्हणजे आपली अळंबी. पावसाळ्यात विदर्भात बाजारात येणाऱ्या सात्या किंवा टेकोडे याच घराण्यातले. मशरूम ही बुरशी आहे. जमिनीत किंवा लाकडात तिचे कापसासारखे बारीक तंतूंचे जाळे पसरलेले असते आणि आपण खातो ती छत्री म्हणजे त्या जाळ्याला आलेले फळ. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मेंदूसाठी म्हणून जे विकले जाते त्याला इंग्रजीत 'लायन्स मेन' म्हणजे सिंहाची आयाळ म्हणतात. ते छत्रीसारखे नसते. झाडाच्या खोडावर पांढऱ्या दोऱ्यांचा गोंडा लटकावा तसे दिसते. चीनमध्ये त्याला माकडाच्या डोक्याचे नाव आहे. जपानमध्ये डोंगरात साधना करणाऱ्या यामाबुशी लोकांवरून त्याला 'यामाबुशिताके' म्हणतात. त्या देशांत ते पूर्वीपासून खाल्ले जाते.

जपानी शास्त्रज्ञ हिरोकाझू कावागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली या मशरूमच्या फळातून 'हेरिसेनोन' नावाची द्रव्ये वेगळी काढली. १९९४ साली त्याच्या तंतुजालातून 'एरिनासिन' नावाची दुसरी द्रव्ये मिळाली. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ही द्रव्ये टाकली, तेव्हा त्या पेशी 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' नावाचे प्रथिन जास्त तयार करू लागल्या.

एका बाईची चिकाटी

या प्रथिनाची गोष्ट आपल्या घरातल्या मुलींना जरूर सांगावी. इटलीत रिटा लेवी-मोंटालचिनी नावाची एक ज्यू तरुणी डॉक्टर झाली. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यूंना विद्यापीठात काम करायला बंदी घातली. बाईंनी ट्युरिन शहरात आपल्या घरी, निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारे केली आणि कोंबडीची अंडी आणून त्यातल्या पिलांच्या मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला. बाहेर युद्ध पेटलेले होते. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी व स्टॅनली कोहेन यांनी हे प्रथिन शोधून काढले. त्यासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाई १०३ वर्षे जगल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

हे प्रथिन मज्जापेशींना खतासारखे असते. ते मिळाले की पेशीला नवे फाटे फुटतात, ती तग धरते. मिळाले नाही तर काही जातीच्या पेशी सुकत जातात. स्मरणशक्तीशी संबंध असलेल्या मेंदूतल्या काही पेशींना त्याची गरज असते आणि अल्झायमरच्या आजारात याच पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून शास्त्रज्ञांना वाटले की हे खत मेंदूत वाढवता आले तर पेशी वाचतील.

अडचण अशी की हे प्रथिन आकाराने मोठे असते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाका ठेवलेला आहे. तो याला आत सोडत नाही. मशरूममधली द्रव्ये मात्र आकाराने लहान आहेत. ती आत जाऊन मेंदूकडूनच हे प्रथिन करवून घेतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली. उंदरांना एरिनासिन दिल्यावर मेंदूच्या काही भागांत हे प्रथिन वाढलेले आढळले. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानेही या मशरूममधल्या द्रव्यांनी पेशींचे फाटे वाढतात आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारते, असे दाखवले.

इथपर्यंत सगळे खरे आहे. पण "मेलेल्या पेशी जिवंत होतात" असे यात कुठेही नाही. मेलेली पेशी उठत नाही. जी जिवंत आहे तिला जपता येईल का, एवढाच हा प्रश्न आहे.

उंदरापासून माणसापर्यंत

बशीतली पेशी वेगळी, उंदीर वेगळा आणि आपल्या घरातले बाबा वेगळे. माणसांवर काय दिसले?

२००९ साली जपानमधून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५० ते ८० वर्षे वयाची, सौम्य विसरभोळेपणा सुरू झालेली ३० माणसे घेतली. निम्म्यांना या मशरूमच्या पावडरीच्या गोळ्या दिल्या, रोज तीन ग्रॅम, १६ आठवडे. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे कोणालाच माहीत नव्हते. मशरूम घेणाऱ्यांचे स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण वाढले. पण गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले.

बाटलीवाले पहिला भाग सांगतात, शेवटचा सांगत नाहीत. शिवाय ३० माणसे म्हणजे किती? आपल्या चाळीच्या एका मजल्यावर त्याहून जास्त माणसे राहतात. एवढ्यावरून एखादे औषध सगळ्या जगाला लागू पडते असे ठरत नाही. २०२० साली तैवानमधून एक प्रयोग आला. त्यात सौम्य अल्झायमर असलेल्यांना तंतुजालाच्या कॅप्सूल ४९ आठवडे दिल्या आणि रोजचे व्यवहार सांभाळण्यात काही फायदा दिसला. तोही लहानच प्रयोग होता. हजारो रुग्णांवर, वर्षानुवर्षे केलेला मोठा प्रयोग अजून झालेला नाही.

आणखी एक गोष्ट ऐका. अमेरिकेत अल्झायमरच्या ४९ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींच्या मेंदूत शस्त्रक्रियेने थेट असा जनुक सोडला की तिथेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर तयार व्हावा. २०१८ साली निकाल आला : स्मरणशक्तीत काही फरक नाही. पुढे मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा ते औषध नेमक्या पेशींपर्यंत पोचलेच नव्हते असे दिसले. डोक्याला छिद्र पाडून सोडलेले औषध जिथे जागेवर पोचत नाही, तिथे पोटात घेतलेली कॅप्सूल नक्की पोचते आणि गुण देते, हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार?

बाटलीत असते काय?

आपण गुळवेलीचा काढा पाण्यात उकळून करतो. मशरूमचा अर्कही गरम पाण्यात काढतात किंवा अल्कोहोलमध्ये काढतात. पाण्यात एक प्रकारची द्रव्ये उतरतात, अल्कोहोलमध्ये दुसऱ्या प्रकारची. हेरिसेनोन फळात असतात, एरिनासिन तंतुजालात. पुष्कळदा हे तंतुजाल धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळून कॅप्सूलमध्ये भरतात. म्हणजे अडीच हजारांच्या बाटलीत धान्याचे पीठच जास्त असण्याची शक्यता असते. बाटलीवर नुसते 'मशरूम एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेले असेल तर आत फळ आहे की तंतुजाल, कोणते द्रव्य किती, यातले काही कळत नाही. प्रयोगात वापरलेली वस्तू आणि दुकानातली वस्तू एकच असेल असे समजू नका.

आपल्या देशात अशा कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकल्या जातात. म्हणून नियमाप्रमाणे त्यांच्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असे छापावे लागते, म्हणजे औषधी उपयोगासाठी नाही. घरात इंग्रजी वाचणारे पोर असेल तर त्याला बाटली फिरवून ते शोधायला सांगा. बाटली स्वतःच सांगते की मी औषध नाही, आणि विकणारा म्हणतो की हेच औषध! आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ सालचा कायदा मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. तोंडी केलेला प्रचार मात्र पकडणे अवघड जाते, म्हणून हे लोक छापत कमी आणि बोलत जास्त.

लिंगझी किंवा गॅनोडर्मा नावाचे दुसरे मशरूम कॉफीत घालून विकतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. त्याच्या पावडरीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, असे नसते.

बाबा दवाखान्यात आले

ताई, बाबा आणि थोरला मुलगा असे तिघे आले. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी त्याला म्हटले, "बाबांसाठीच केलेस ना? मग मान वर कर."

बाबांचा रक्तदाब बराच वाढलेला होता, साखरही वाढलेली. ज्या गोळ्या बंद केल्या होत्या त्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्याच होत्या. मी हळू आवाजात बोललो तर बाबा नुसते हसत. मोठ्याने बोललो तर बरोबर उत्तर देत. कारखान्यातल्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेलेले होते. ज्याला ऐकूच आले नाही, त्याच्या लक्षात काय राहणार? रक्त तपासले तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्याच्या कमतरतेनेही विसरायला होते. गोळी चांगलीच आहे, ती सोडायची नसते. फक्त बी-१२ तपासून भरून काढायचे असते.

बाबांना बी-१२ ची इंजेक्शने दिली. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. कानाचे यंत्र बसवले. चार महिन्यांनी ते परत आले. चहा प्यालेला आता आठवतो. नातवाबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. सगळे पूर्वीसारखे झाले का? नाही. कधी कधी शब्द सापडत नाही, हिशेब चुकतो. थोडा खरा स्मृतिभ्रंशही सुरू झालेला असावा, त्याची तपासणी मोठ्या रुग्णालयात चालू आहे. पण जे भरून निघण्यासारखे होते ते भरून निघाले. बाटलीच्या नादात आणखी वर्ष गेले असते तर एवढेही हाती लागले नसते. वाढलेल्या रक्तदाबाने एखाद्या रात्री पक्षाघाताचा झटका आला असता तर काय, हा विचार मी ताईंना बोलून दाखवला नाही.

म्हणून घरात कोणाला विसरायला होत असेल तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका आणि बाटलीमागेही धावू नका. आधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासा. कान आणि डोळे तपासा. माणूस मनाने खचलेला आहे का ते पाहा. मागच्या काही आठवड्यांत पडून डोक्याला मार लागला होता का ते आठवा. झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पेशी खऱ्या कशाने जपतात?

आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने सांगितले की चौदा गोष्टी सांभाळल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. त्या चौदा अशा : लहानपणी शिक्षण कमी मिळणे, ऐकू न येणे, नजर कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, शरीराला हालचाल नसणे, मनाचे नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा आणि हवेतले प्रदूषण.

ही यादी पुन्हा वाचा. पहिलेच कारण शिक्षणाचे आहे. शिकलेला मेंदू म्हातारपणी जास्त काळ तग धरतो. ताईंनी धाकटीची फी मोडली नाही, हाही मेंदू जपण्याचाच उपाय झाला. बाकीच्यांपैकी बऱ्याच गोष्टींना पैसाही लागत नाही. विडी सोडणे, दुचाकीवर हेल्मेट घालणे, संध्याकाळी चालणे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात न बसवता चारचौघांत बसवणे. ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकाची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथेही मदत मिळते.

मग मशरूम खावे की नाही?

अवश्य खावे, पण भाजी म्हणून. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने साठीवरच्या ६६३ लोकांची पाहणी करून २०१९ साली निष्कर्ष मांडला. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅमच्या वर शिजवलेले मशरूम खाणाऱ्यांत सौम्य विसरभोळेपणाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास दिसले. ही मशरूमे साधीच होती, त्यात आपली धिंगरीही होती. मशरूममध्ये 'एर्गोथायोनीन' नावाचे द्रव्य असते. ते आपल्या शरीराला तयार करता येत नाही आणि ते पेशींना झीज होण्यापासून वाचवत असावे, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. अर्थात ही नुसती पाहणी होती. मशरूम खाणारे इतर बाबतींतही प्रकृती सांभाळणारे असू शकतात. तेव्हा औषध म्हणून नव्हे, चांगली भाजी म्हणून खावी. कांदा, लसूण, तिखट-मीठ घालून धिंगरीचा रस्सा भाकरीबरोबर छान लागतो. धिंगरी भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर घरच्या खोलीतही पिकते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचे केंद्र आहे. आपल्या महिला बचत गटांनी तिथे चौकशी करायला हरकत नाही.

एक ताकीद मात्र देतो. रानातली अनोळखी अळंबी उचलून खाऊ नका. चांदीचे नाणे टाकून पाहणे, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, उकळले की विष जाते, हे सगळे गैरसमज आहेत. काही विषारी जातींचे विष उकळून जात नाही. त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. मध्ये उलटी-जुलाब थांबून बरे वाटते आणि नेमके तेव्हाच यकृत निकामी होत असते. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात अशी अळंबी खाऊन तेराजण दगावले. पोटाची सोय म्हणून मजुरांनी ती गोळा करून आणली होती. अशी शंका आली तर बरे वाटण्याची वाट न पाहता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे आणि खाल्लेल्या अळंबीचा उरलेला तुकडा सोबत न्यावा.

ती बाटली ताईंनी माझ्या टेबलावरच ठेवली आणि गेल्या. अजून ती तिथेच आहे. कोणी "डॉक्टर, हे घेऊ का?" असे विचारले की मी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे त्यांनाच वाचायला लावतो. ताईंची धाकटी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या गोळ्यांचा डबा रविवारी तीच भरते : सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या.

आपल्या घरात असा डबा आहे का? नसेल तर येत्या रविवारी करा. पुढच्या अंकात कानाच्या यंत्राविषयी बोलू. ते कुठे मिळते, सरकारी योजनेत कसे मिळते आणि घरातले बाबा ते कानातून काढून खिशात का टाकतात, याविषयी. प्रश्न असतील तर पत्र जरूर लिहा.